मशीनवरची गोधडी: काय उसवायचं, काय राहू द्यायचं

मशीनवर शिवलेल्या गोधडीतल्या चुका बहुतेक वेळा काम संपत आल्यावर सापडतात. शिवताना वरची बाजू डोळ्यांसमोर असते आणि अस्तर मशीनच्या पाटावर दडलेलं असतं. शेवटची रेघ मारून गोधडी उलटी केली की अस्तरात शिवली गेलेली चुणी दिसते, दोऱ्याचे फास लोंबताना दिसतात, एखाद्या जागी टाके सुटून बोटभर दोरा मोकळा राहिलेला असतो. अशा वेळी हात लगेच ब्लेडकडे जातो. तो थोडा आवरावा. गोधडी जमिनीवर पसरावी, दिवसाच्या उजेडात उभं राहून पाहावी आणि प्रत्येक दोषाबद्दल स्वतःला विचारावं: वापरात आणि धुण्यात हा वाढणार आहे का?

सुटलेला टाका वाढतो. जोडव्यात, पैंजणात, बाळाच्या बोटात तो अडकतो, दोरा तुटतो आणि पुढची वीतभर शिवण सुटत जाते. नीट न बांधलेलं दोऱ्याचं टोक वाढतं. कडेची पट्टी जिथे मागच्या बाजूने शिवणीत आलेलीच नाही, ती जागा पहिल्याच धुण्यात उघडी पडते. हे दुरुस्त केल्याशिवाय गोधडी कोणाला देऊ नये. पण किंचित वाकडी गेलेली रेघ, न जुळलेला चौकोनाचा कोपरा, एका ओळीत बारीक आणि दुसरीत लांब पडलेले टाके, यांमुळे गोधडीचं आयुष्य जराही कमी होत नाही.

उसवायलाही किंमत मोजावी लागते, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. सुई कापडातून जाते तेव्हा सूत बाजूला सरतं, कधी तुटतंही. उसवून त्याच जागी पुन्हा शिवलं की त्याच सुतांवर दुसऱ्यांदा घाव बसतो. नवं कोरं सुती कापड ते सोसतं. वर्षानुवर्षं नेसून, आपटून धुतलेली साडी ते सोसेलच असं नाही, आणि गोधडीत आपण वापरतो ती नेमकी तीच साडी असते. विरत आलेल्या कापडावर एका वाकड्या रेघेसाठी तीन वेळा ब्लेड चालवलं तर तिथे रेघ सरळ येईल, पण कापड वर्षभरात फाटेल. त्यामुळे नव्या कापडावर थोडं हट्टी व्हायला हरकत नाही. जुन्यावर मात्र हात राखूनच उसवावं.

मशीन चुका का करतं

हाताने गोधडी शिवणाऱ्या बायका पुष्कळदा कडेपासून सुरुवात करतात आणि धावदोरा घालत आत सरकतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या बाजूला सिद्दी समाजातल्या स्त्रिया कवदी नावाची गोधडी शिवतात, तीही अशीच कडेकडून मध्याकडे जाते. हाताला हे जमतं, कारण प्रत्येक टाक्याआधी डाव्या हाताने कापड साफ करता येतं आणि जास्तीचं कापड तिथल्या तिथे दुमडून टाक्यात घेता येतं. मशीनला ही सोय नाही. खालचे दात अस्तर पुढे ओढतात आणि वरचा प्रेशर फूट वरचं कापड दाबून अडवून धरतो. दोन्ही थर एका वेगाने सरकत नाहीत. वरच्या कापडाची एक लाट तयार होते आणि ती सुईच्या पुढे पुढे पळते. कडेकडून आत शिवत गेलात तर चारी बाजूंच्या लाटा मध्यभागी कोंडतात आणि तिथे चुण्या पडतात. म्हणून मशीनवर मधली रेघ आधी मारायची, मग एका बाजूने कडेकडे जायचं, मग दुसऱ्या बाजूने. जास्तीच्या कापडाला कडेने बाहेर पडायला वाट राहते. दोन लगतच्या रेघांमध्ये तिरक्या सुरकुत्या उमटू लागल्या, तर एक रेघ खाली आणि एक वर असं न करता सगळ्या रेघा एकाच दिशेने मारून पाहा.

मशीनच्या डोक्यावर, प्रेशर फूटच्या दांड्याच्या टोकाला एक स्क्रू असतो. ब्लाउज शिवताना त्याला कोणी हात लावत नाही. गोधडीच्या जाडीसाठी तो थोडा सैल केला की वरचं कापड इतकं अडत नाही. एवढ्याने निम्म्या चुण्या टळतात असा माझा विश्वास आहे. वरचं कापडही पुढे सरकवणारा वॉकिंग फूट मिळत असेल तर आणखी चांगलं. जुन्या काळ्या मशीनला बसणारेही मिळतात, फक्त दुकानात जाताना आपला जुना फूट सोबत न्यावा.

सुईची गोष्ट छोटी आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष होतं. प्रत्येक गोधडीला नवी सुई घ्यावी. दोन साड्यांच्या भराला १६ नंबर ठीक, पातळ दुपट्याला १४ पुरते. त्याहून जाड सुईने भोकं मोठी पडतात. टाके सुटत असतील तर बहुतेकदा सुई बोथट झालेली असते, नीट वरपर्यंत बसलेली नसते किंवा उलटी बसलेली असते. सुईला एका अंगाला लांब खाच असते. ज्या बाजूने दोरा ओवायचा, त्या बाजूला ती खाच यायला हवी. टाक्याची लांबी अडीच ते तीन मिलिमीटर ठेवा, म्हणजे इंचाला आठ ते दहा टाके. याहून बारीक टाका गोधडीला कडक करतो, आणि उसवायची वेळ आली तर जीव काढतो.

मागच्या बाजूचे फास आणि गुंते

अस्तरावर दोऱ्याचे सैल फास दिसले की बहुतेक जण बॉबिन केसचा स्क्रू पिळायला लागतात. दोष तिथे नसतो. फास मागे येतात तेव्हा वरचा दोरा सैल सुटत असतो, आणि त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे प्रेशर फूट खाली असताना दोरा ओवलेला असणं. फूट खाली असला की टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात; दोरा त्यांच्यामध्ये न जाता वरूनच सरकतो. फूट वर उचला, दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा, कातरणीच्या कापडावर चार रेघा मारा. बरेचदा एवढ्यानेच काम भागतं. फास वरच्या बाजूला दिसत असतील, तर मात्र बॉबिनकडे पाहायचं: वरचं टेन्शन जरा उतरवून बघा, बॉबिन केसमध्ये अडकलेली धूळ काढा.

दात खाली करून किंवा झाकून, हाताने गोधडी फिरवत वेलबुट्टी काढणाऱ्यांना आणखी एक दोष भेटतो. वळणावर मागे पापण्यांसारखे बारीक दोरे ओढले जातात. तिथे हात सुईपेक्षा वेगाने धावलेला असतो. सरळ जाताना आपण संथ असतो आणि वळण आलं की नकळत झपकन फिरतो. वळणावर हात हळू करावा, पायाची गती तीच ठेवावी. असे फास बोटाच्या नखात अडकण्याइतके सैल असतील तर तेवढं वळण उसवून पुन्हा काढा. नुसते ठिपक्यांएवढे दिसत असतील तर राहू द्या. दोन धुण्यांनंतर कापड थोडं आकसतं आणि तेही दिसेनासे होतात.

शिवण सुरू करताना खाली दोऱ्याचा गुंता होतो, तेव्हा गोधडी ओढून काढण्याचा मोह होतो. ओढाल तर कापड सुईखालच्या पट्टीच्या भोकात घुसून फाटेल. चाक हाताने फिरवून सुई वर आणा, फूट उचला, बॉबिन केस काढा आणि खालूनच लहान कात्रीने गुंता कापा. पुढच्या वेळी पहिला टाका हाताने चाक फिरवून घ्या, खालचा दोरा वर ओढून काढा आणि दोन्ही टोकं मागे धरून ठेवा. तीन-चार टाके पडेपर्यंत ती सोडू नका.

दोऱ्याची टोकं लपवण्याची पद्धत एकदा हातात बसली की रिव्हर्स मारून जाडसर गाठी करण्याची गरज उरत नाही. दोन्ही टोकं एका बाजूला आणायची, कापडाला अगदी लागून गाठ मारायची, मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून शेवटच्या टाक्याच्या भोकातून भरात शिरायचं आणि इंचभर पुढे बाहेर यायचं. हलका हिसका दिला की गाठ आत शिरते. बाहेरचा दोरा कापून टाकायचा. हे काम रोजचं रोज करावं; सगळी टोकं शेवटासाठी ठेवली की कंटाळा येतो आणि कुठलं तरी एक राहतंच.

उसवायचंच असेल तर

शिवण दोन्ही बाजूंनी खेचून टराटरा उसवू नये. ब्लाउजवर चालून जातं, गोधडीत भरासकट कापड खेचलं जातं. मागच्या बाजूने दर चौथा-पाचवा टाका सीम रिपरने कापत जा. मग गोधडी सरळ करून वरच्या बाजूचा दोरा टोकाला धरून ओढा. तो अखंड निघून येतो. मागे राहिलेले बारीक तुकडे चिकटपट्टीने टिपून घ्या. ब्लेडने उसवत असाल तर धार नेहमी दोऱ्याकडे, कापडाकडे कधीच नाही, आणि काम दिवसा करा. रात्री थकल्या डोळ्यांनी उसवताना पडलेली भोकं ही मूळ चुकीपेक्षा मोठी दुरुस्ती मागतात.

उसवल्यावर सुईच्या भोकांची रांग दिसते. सुती कापडावर पाणी शिंपडा, नखाने किंवा चमच्याच्या पाठीने आधी आडवं आणि मग उभं घासा, वाफेची इस्त्री फिरवा. सूत आपल्या जागी परत येतं. रेशीम, सॅटिन आणि घट्ट विणीच्या सिंथेटिक साड्यांवर ही भोकं बुजत नाहीत. त्या कापडांवर रेघ मारायच्या आधीच दोनदा विचार करावा, आणि चुकलीच तर उसवण्याऐवजी शेजारी दुसरी रेघ मारावी.

पुन्हा शिवताना जुन्या शिवणीच्या शेवटच्या तीन-चार टाक्यांवर, त्याच भोकांतून सुरुवात करा आणि पुढच्या बाजूलाही तेवढंच वर चढवा. जोड ओळखू येत नाही.

अस्तरात चुणी शिवली गेली असेल तर सगळी रेघ उसवू नका. चुणीवरून जेवढ्या रेघा जातात, त्या प्रत्येकीचे चुणीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच टाके काढा. कापड बोटांनी दोन्हीकडे पसरवा, पिना लावा, तेवढंच पुन्हा शिवा. चुणी लहान असेल आणि कापड जुनं असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे. ती तशीच सपाट दाबून त्याच रंगाच्या दोऱ्याने हाताने बारीक तुरपाई करा. गोधडी अंगावर घेणाऱ्याला ती बोटालाही लागणार नाही.

हे टाळायचं तर अस्तर अंथरतानाच काळजी घ्यावी लागते. फरशीवर उलटं पसरून कडा चिकटपट्टीने धरून ठेवा: सपाट, पण ताणून नव्हे. ताणलेलं अस्तर पट्टी काढल्यावर आकसतं आणि वरचे थर सुरकुततात. मग भर, मग वरचं कापड. पिना किंवा कच्चे टाके इतक्या जवळ असावेत की कुठेही मूठ टेकवली तरी एखादी पीन मुठीखाली यावी.

एक-दोन टाके सुटले असतील तर मशीनवर जाऊ नका. त्याच रंगाचा दोरा घेऊन हातानेच ते बांधून टाका. वरचा दोरा संपूर्ण वेगळ्या रंगाचा असून खालचा रंग ठिपक्यांनी वर दिसत असेल, तर कापडावर चालणाऱ्या पेनने ते ठिपके रंगवण्याची युक्ती अनुभवी कारागीर वापरतात. त्यात काही गैर नाही.

सीम रिपरने कापडालाच छिद्र पडलं, तर ते दोऱ्याने गच्च आवळू नका. आजूबाजूला चुण्या पडतील. छिद्रातून चिमट्याने फ्युजिंगचा लहान तुकडा आत सरकवा, चिकट बाजू वर ठेवा, कडा जुळवा आणि इस्त्री करा. सिंथेटिक कापड असेल तर मध्ये सुती कापड ठेवून इस्त्री मंद ठेवा. छिद्र मोठं असेल तर वर ठिगळ. पान, गोल, चांदणी काहीही. फक्त एकच ठिगळ एकटं दिसतं; त्याच कापडाचे आणखी दोन तुकडे दुसऱ्या जागी लावा.

वाकडी रेघ

वाकड्या रेघेचं दुःख सगळ्यात जास्त होतं आणि तिची दुरुस्ती सगळ्यात कमी वेळा लागते. कापडाच्या रंगाशी मिळता दोरा असेल तर हातभर अंतरावरून ती दिसतच नाही. पांढऱ्यावर लाल दोरा वापरणाऱ्यांना पहिल्या काही गोधड्यांत त्रास होतो; शिकणाऱ्यांनी दोरा कापडात मिसळणारा निवडावा आणि वर छापील कापड घ्यावं. रेघ फारच बाहेर गेली असेल तर तिच्या शेजारी पाव इंचावर तिच्याच वळणाने दुसरी मारा आणि पुढच्या सगळ्या रेघा जोडीने मारा.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून आणि उरल्यासुरल्या कापडांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांच्या पट्ट्या तिरक्या जातात, चौकोन चौकोनात राहत नाहीत, आणि तरी नजर हलत नाही. त्या बेफिकिरीने शिवलेल्या नाहीत. घरात थंडी अडवण्यासाठी त्या शिवल्या होत्या आणि वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या. रेघ कशी जाते यापेक्षा ती धरून ठेवते की नाही, हे तिथे आधी पाहिलं गेलं. आपल्याकडच्या वाकळी शिवणाऱ्या आज्यांनीही तेच पाहिलं.

जी चूक कधीच राहू देऊ नये

सुई मोडली तर शिवण तिथेच थांबवा. मोडलेली सुई जोडून पाहा. टोक, मधला तुकडा आणि खोड मिळून पूर्ण सुई होते का? होत नसेल तर उरलेला तुकडा मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. लोहचुंबक गोधडीवरून फिरवा, मशीनच्या खाली आणि बॉबिनच्या जागेत शोधा, हाताने प्रत्येक इंच चाचपून बघा. जाड भरात रुतलेलं सुईचं टोक आपल्याला लागत नाही, पण ते महिन्याभराने बाहेर येऊ शकतं. पिनांचंही तसंच. लावताना मोजून लावा, आकडा कागदावर लिहा, काढताना तेवढ्याच भरल्या का ते पाहा. दुपटं शिवत असाल तर या मोजणीत एकाही पिनेची तडजोड नको. बाळासाठीच्या कामाला मणी, टिकल्या, बटणंही लावू नका.

डाग, रंग आणि पहिलं धुणं

बोटाला सुई लागून रक्ताचा डाग पडला तर लगेच थंड पाणी लावा. गरम पाण्याने तो पक्का बसतो. मशीनला तेल दिल्यावर पहिल्या काही रेघा चिंधीवर मारा. तरीही तेल पडलंच तर वर टाल्कम पावडर टाका, तेल शोषलं गेल्यावर झटका आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाने तेवढीच जागा धुवा.

रेघा आखण्यासाठी खडू सगळ्यात निर्धोक. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनच्या रेघांवर धुण्याआधी इस्त्री फिरवू नका, त्या पक्क्या होऊ शकतात. इस्त्रीच्या उष्णतेने नाहीशी होणारी पेनं सोयीची वाटतात, पण ती शाई खरं तर जात नाही, फक्त रंगहीन होते. कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटते. पुण्यातून शिकागोला जानेवारीत जाणाऱ्या गोधडीवर ती वापरू नये.

गोधडी देण्याआधी तुम्ही स्वतः एकदा धुवा. पहिल्या धुण्यात तिचे सगळे कच्चे दुवे उघडे पडतात, आणि ते दुसऱ्याच्या घरी पडण्यापेक्षा तुमच्या घरी पडलेले बरे. त्याआधी गडद रंगांवर ओला पांढरा फडका घासून बघा. लाल, गडद निळा, कुसुंबी यांच्यावर विश्वास ठेवू नका. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने आजच्या कापडांचे रंग हमखास पक्के होतात, असं समजून चालू नका. रंग उतरलाच, तर गोधडी वाळू देऊ नका आणि इस्त्रीला तर अजिबात नेऊ नका. ओली असतानाच भरपूर पाण्यात डिटर्जंट घालून मोकळी बुडवून ठेवा, पाणी रंगलं की बदला, स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर लटकवली तर कड ताणली जाते. दोन दोऱ्यांवर आडवी, सावलीत वाळवा.

धुऊन कडा लाटेसारख्या झाल्या, तर पट्टी लावताना एक तर पट्टी ताणली गेली किंवा गोधडीची कड. ती बाजू उसवा, कडेने हाताने मोठा धावदोरा घाला, हलकेच ओढून कड सपाट करा आणि मग पट्टी परत लावा. सरळ कडांना क्रॉस पट्टीची गरज नसते. अडीच इंचाची सरळ पट्टी दुमडून दुहेरी लावली की ती जास्त टिकते. क्रॉस पट्टी गोल कोपऱ्यांसाठी ठेवा.

हातातून सोडताना

आता गोधडी तयार आहे. ती कपाटात ठेवू नका. बाळंतविड्यात, नव्या घरात, वसतिगृहात जाणाऱ्या भाचीच्या बॅगेत, जिथे जायची तिथे जाऊ द्या. देताना तिच्यातल्या चुका दाखवू नका. ही गोष्ट मी प्रत्येक शिवणाऱ्या बाईला आग्रहाने सांगेन. आपण "इथे जरा वाकडं झालंय हं" म्हणतो, आणि समोरच्या माणसाची नजर पुढची दहा वर्षं त्याच जागेवर जाते. विचारलं तर खरं सांगा. आपणहून बोट ठेवू नका. त्याऐवजी कोणती किनार कोणाच्या साडीची, मधला चौकोन कोणाच्या धोतराचा, हे सांगा. ते ऐकायला सगळ्यांना आवडतं.

मागच्या कोपऱ्यात सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा तुरपाईने लावा. त्यावर शिवणाऱ्याचं नाव, कोणासाठी शिवली, गाव आणि साल, आणि कोणाकोणाची कापडं आहेत ते पक्क्या शाईने लिहा. आपल्या आज्यांच्या गोधड्या घरोघरी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर कोणी शिवली याची खूण नाही. नाव लिहिण्यात मिरवणं नाही.

धुण्याची सूचना तोंडी आणि लिहूनही द्या: थंड पाणी, साधा साबण, सावली, आणि "वापरा" हा शब्द. हाताने केलेली वस्तू म्हणून लोक ती जपून ठेवतात, आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या गोधडीला पावसाळ्यात बुरशी येते. सुती पिशवीत, पूर्ण कोरडी, आणि दर वेळी वेगळ्या घडीवर ठेवायला सांगा.

तान्ह्या बाळासाठी असेल तर पातळ शिवा आणि आईला सांगा: वर्षाच्या आतलं बाळ एकटं झोपलेलं असताना सैल गोधडी अंगावर टाकू नये, तोंडावर येण्याचा धोका असतो. जमिनीवर अंथरून त्यावर बाळाला खेळवणं हा तिचा चांगला उपयोग.

आश्रमशाळेला, वृद्धाश्रमाला द्यायची असेल तर आधी विचारा. तिथे पन्नास गोधड्या एका दिवसात धुवायच्या असतात. जाड, न वाळणारी गोधडी त्यांना ओझं होते. एकेरी पलंगाएवढी, पातळ भराची, पक्क्या रंगाची गोधडी त्यांच्या कामाची. बचत गटातर्फे विकत असाल तर नियम वेगळा. पैसे देणाऱ्याला दोष आधी सांगायला हवा. दुरुस्त केलेलं ठिगळ दाखवा, किंमत त्याप्रमाणे ठेवा. त्याने गटाचं नाव खराब होत नाही, उलट पुढची मागणी येते.

फोटो काढायचा तर सकाळी किंवा उतरत्या उन्हात, प्रकाश बाजूने येईल अशी गोधडी टांगा. बाजूच्या उजेडात टाक्यांचा उठाव दिसतो, समोरच्या फ्लॅशमध्ये सगळं सपाट होतं. शिकणाऱ्या मैत्रिणींना फोटो पाठवताना मागच्या बाजूचाही पाठवा. सुबक वरच्या बाजूपेक्षा मागची बाजू त्यांना जास्त शिकवते, आणि तिथे मात्र चुणी कुठे होती आणि ती कशी काढली, हे मोकळेपणाने सांगावं.

वापरातल्या गोधडीची सगळ्यात आधी कड झिजते, त्यातही तोंडाकडची. म्हणून पट्टीच्या कापडाचा हातभर तुकडा आणि त्याच दोऱ्याचं थोडं भरलेलं बॉबिन पुडीत घालून गोधडीबरोबर द्या, किंवा स्वतःकडे नाव लिहून ठेवा. आणि कड विरली की गोधडी टाकून न देता तुमच्याकडे आणायला सांगा. जुनी पट्टी न उसवता तिच्यावरूनच नवी, तिच्याहून थोडी रुंद पट्टी बसवता येते.